रिपोर्ट केलं तर ते कोणाला दिसतं?

2020 चा मे महिना. ऑफिस बंद, पुण्यातली रूम बंद, मी इंझोरीत घरी. वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातलं आमचं गाव. नेटवर्क फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ यायचं, त्यामुळे रोजची मीटिंग टाकीला टेकून व्हायची. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. संध्याकाळी करायला काही नव्हतं आणि आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचं वय होतं. म्हणून मी गावातल्या पोरापोरींसाठी एक सोशल मीडिया सर्व्हर उभा केला.

मास्टोडॉन नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. वापरायला जुन्या ट्विटरसारखं, पण त्याचा कोड खुला आहे. कोणीही उतरवून घ्यावा, आपल्या सर्व्हरवर चालवावा, हवा तसा बदलावा. कंपनी नाही, जाहिराती नाहीत. मी महिन्याला सातआठशे रुपये भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेतला आणि आठवड्याभरात गावातले नि आसपासचे साठेक जण आले. बारावीची पोरं, पोलीस भरतीवाले, एमपीएससीवाले, बीएस्सीच्या मुली. नोट्सचे फोटो, चालू घडामोडी, थोडी टिंगलटवाळी. नियम मी दोनच ठेवले होते. शिवीगाळ करायची नाही, आणि अकाउंट पूर्ण नावानं उघडायचं. फेक अकाउंटच्या भानगडी नकोत म्हणून. मला हा दुसरा नियम फार हुशारीचा वाटला होता.

महिन्याभरानं एक दिवस आमच्या गल्लीतली एक मुलगी, नात्यानं लांबची चुलत बहीण, आईकडे काही न्यायला आली आणि जाता जाता माझ्याजवळ थांबली.

"दादा, त्या तुझ्या अ‍ॅपवर रिपोर्ट केलं तं ते कोनाले दिसते?"

मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, "मले. अ‍ॅडमिन मीच आहो नं."

"मंग राहू दे," ती म्हणाली आणि गेली.

तिचं अकाउंट दोन दिवसांनी बंद झालं. त्या आठवड्यात आणखी सातआठ मुलींची झाली. काय झालं ते मला उशिरा कळलं, तेही एका मित्राकडून, हसत हसत सांगितलेलं. एक पोरगा तिच्या प्रत्येक पोस्टखाली काहीतरी लिहायचा. शिवी नाही, वावगा शब्द नाही. तिनं रसायनशास्त्राची शंका विचारली की हा विचारणार, आज पिवळा ड्रेस होता का. मग त्या पोस्टचे स्क्रीनशॉट पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, खाली वेगळी मजा. तो पोरगा माझ्यासोबत शाळेत होता. आम्ही रोज संध्याकाळी एकाच पानटपरीपाशी उभे राहायचो.

तिनं रिपोर्ट केलं असतं तर मी काय केलं असतं, याचं प्रामाणिक उत्तर मला माहीत आहे. मी त्याला म्हटलं असतं, "जाऊ दे नं बे, कायले त्रास देतं." त्यानं विचारलं असतं, "तुले कोनं सांगतलं?" आणि गावात पुढचं सगळं त्या एका प्रश्नावरून ठरलं असतं.

मी रात्री अ‍ॅडमिनचा डॅशबोर्ड उघडून पाहिला. तक्रारी: 0. महिनाभर मी तो शून्य पाहत होतो आणि त्याला यश समजत होतो.

*

मास्टोडॉनपर्यंत मी पोचलो कसा, हे सांगायला हवं, कारण त्यात एक गंमत आहे. 2019 च्या ऑक्टोबरअखेरीस ट्विटरनं सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं अकाउंट निलंबित केलं. त्यांनी वर लावलेला फोटो 1936 च्या जर्मनीतला होता. हिटलरला सलाम ठोकणाऱ्या गर्दीत हाताची घडी घालून उभा असलेला एक माणूस. नाझींना नकार देणारा फोटो नाझी चिन्हांच्या नियमात सापडला. त्याच सुमारास पत्रकार दिलीप मंडल यांच्या अकाउंटवर बंधनं आली. दलित, बहुजन, आदिवासी मुलामुलींनी ट्विटरला जातीयवादी म्हणत हॅशटॅग चालवले. त्यांचा प्रश्न साधा होता: निळी खूण कोणाला मिळते, कोणाची तक्रार ऐकली जाते, आणि हे ठरवणाऱ्या खुर्चीत कोण बसलंय? नोव्हेंबरमध्ये भारतातून हजारो लोक मास्टोडॉनवर गेले. त्या लाटेत मीही गेलो.

म्हणजे "तक्रार कोणाकडे जाते" या प्रश्नावरून झालेल्या भांडणातूनच मला ते सॉफ्टवेअर सापडलं. सहा महिन्यांनी मी ते गावात चालवलं आणि तोच प्रश्न तेवढा विसरलो. लोक काय म्हणत होते ते माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. मी फक्त एवढंच ऐकलं होतं की ट्विटर वाईट आहे आणि हे खुलं आहे.

आता त्या दुसऱ्या नियमाबद्दल. पूर्ण नाव. एका मुलानं स्वतःचं आणि वडिलांचं नाव लिहून अर्ज केला होता, आडनाव नव्हतं. मी "नाव अपूर्ण" असा शेरा मारून परत पाठवला. तो परत आला नाही. त्याचं घर गावाच्या कुठल्या बाजूला आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्याचा आडनावाशी काही संबंध असेल हे डोक्यात आलं नाही. आपल्याकडे "पूर्ण नाव काय?" हा प्रश्न दर वेळी नावासाठी विचारला जात नाही, हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं. अनुभव नव्हता. माझं आडनाव कुठल्या रकान्यात लिहिताना माझा हात कधी थांबला नव्हता.

खऱ्या नावाच्या सक्तीवरून फेसबुकलाही 2014 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या ड्रॅग कलाकारांची माफी मागावी लागली होती. त्यांची रंगमंचावरची नावं खोटी ठरवून अकाउंट बंद केली गेली होती. हे मी नंतर वाचलं. पण मला सॅन फ्रान्सिस्कोला जायची गरज नव्हती. आईच्या, मावशीच्या, काकूच्या व्हॉट्सअ‍ॅपचे डीपी बघितले असते तरी पुरलं असतं: गुलाब, गजानन महाराज, नातवाचा फोटो, पुन्हा गुलाब. गावातल्या बाया वर्षानुवर्षं स्वतःच्या सुरक्षिततेचं डिझाइन स्वतः करत होत्या. 2017 मध्ये फेसबुकनं प्रोफाइल फोटोला संरक्षण देणारी सोय पहिल्यांदा भारतात आणली, तीही इथल्या बायकांशी आणि संस्थांशी बोलल्यावर. फोटोचा गैरवापर होईल या भीतीनं बाया चेहराच लावत नाहीत, हे कुणीतरी बसून ऐकून घेतलं तेव्हा ती सोय आली. मी तर त्यांच्या घरात राहत होतो.

*

खुला कोड म्हणजे कोणालाही हात लावता येईल असा कोड. तत्त्वतः माझी चुलत बहीणही त्यात बदल सुचवू शकते. प्रत्यक्षात कोण सुचवतं? गिटहब ही जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात ती साइट. त्यांनी 2017 मध्ये ओपन सोर्सवाल्यांची मोठी पाहणी केली. उत्तर देणाऱ्यांत 95 टक्के पुरुष होते, 3 टक्के स्त्रिया. दार उघडं, पाटी "सर्वांचे स्वागत आहे", आणि आत शंभरात पंच्याण्णव पुरुष.

यावर आमच्या क्षेत्रातलं ठरलेलं उत्तर असतं: "कोणी अडवलंय? या की." मीही कॉलेजमध्ये हे म्हणायचो. या उत्तराशी माझं भांडण सुरू झालं ते महाडबद्दल नीट वाचल्यावर. एका अ‍ॅपची तुलना चवदार तळ्याशी करताना संकोच वाटतो, कारण तिथे प्रश्न पाण्याचा होता, माणूसपणाचा होता. पण "खुलं" या शब्दाचा इतका स्वच्छ हिशेब मला दुसरीकडे सापडलेला नाही.

1923 मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनं आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळं खुलं होतं. कुंपण नाही, कुलूप नाही. तीन वर्षं गेली, पाणी प्यायला कोणी आलं नाही. कारण खाली उतरल्यावर काय होईल हे सगळ्यांना माहीत होतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले, तळ्याचं "शुद्धीकरण" झालं, नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला, दावा कोर्टात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो 1937 मध्ये.

1924 ते 1927 या तीन वर्षांत कोणी नगरपालिकेला विचारलं असतं, की लोक का येत नाहीत, तर काय उत्तर मिळालं असतं? "आम्ही तर खुलं केलंय. कोणी अडवलंय?" तक्रारी: 0.

म्हणून मला वाटतं, खुलेपणा हा वस्तूचा गुण नसतोच. कोड खुला आहे हे वाक्य अर्धं आहे. कोणासाठी, उतरल्यावर काय होईल याची भीती कोणाला, हे त्यात येत नाही. आणि जिथे नियम नाहीत तिथे "नियम नाहीत" अशी स्थिती कधीच नसते. तिथे गावाचे आधीचे नियम चालू असतात. माझ्या सर्व्हरवर ते पहिल्या दिवसापासून चालू होते, मला फक्त दिसत नव्हते.

एक उदाहरण देतो. समजा एका मुलाला पोस्टिंग मिळालं, आणि अभिनंदनाच्या कमेंटमध्ये कोणी लिहिलं, "सरकारचे जावई!" हे वाक्य भाषांतराच्या यंत्रात टाका. शासनाचा जावई, म्हणजे मानाचाच माणूस म्हणायचा. जर्मनीत किंवा कॅलिफोर्नियात बसलेल्या मॉडरेटरला, कितीही सज्जन असला तरी, यात दुखण्यासारखं काय आहे हे कळायचा मार्ग नाही. ज्याला आयुष्यात एकदा ते ऐकावं लागलं आहे त्याला अर्ध्या सेकंदात कळतं. आमच्या भागात तांडे पुष्कळ. पोहरादेवी आमच्याच तालुक्यात. तांड्यावरचा एक मुलगा गोरमाटीत पोस्ट लिहायचा. त्याच्याशी कोणी गोरमाटीत वाईट बोललं असतं तर मला, शेजारच्या गावच्या अ‍ॅडमिनलाही, ओ की ठो कळलं नसतं. विविधता म्हणजे टीमच्या फोटोत चार वेगळे चेहरे असणं, असं आमच्या कंपन्यांच्या पोस्टरवर दिसतं. माझ्यासाठी तिचा अर्थ आता फार कोरडा झाला आहे. इजा ओळखता येणारी माणसं खोलीत आहेत की नाहीत, एवढाच.

*

पण थांबा, हेही इतकं सरळ नाही.

1 जानेवारी 2022 ला सकाळी शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांना कळलं की त्यांचे फोटो "बुल्ली बाई" नावाच्या एका पानावर "लिलावाला" लावलेत. पत्रकार, कार्यकर्त्या, कलाकार, एका बेपत्ता विद्यार्थ्याची वयस्कर आई. हे पान गिटहबवर होतं. सहा महिन्यांपूर्वी, जुलै 2021 मध्ये, "सुल्ली डील्स" नावाचं असंच पान तिथेच आलं होतं. तेव्हा ते काढून टाकलं गेलं, गुन्हे नोंद झाले, महाराष्ट्रातल्या राज्यसभा खासदार प्रियंका चतुर्वेदी यांनी आयटी मंत्र्यांना पत्र लिहिलं, पण सहा महिने अटक नाही. बुल्ली बाईनंतर मुंबई पोलिसांच्या सायबर विभागानं पहिली अटक केली: बेंगळुरूत इंजिनिअरिंग शिकणारा 21 वर्षांचा विद्यार्थी. पान बनवल्याच्या आरोपावरून दिल्ली पोलिसांनी आसाममधून ज्याला पकडलं तोही बीटेकचाच.

ती बातमी मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वाचली. गिटहबवर माझंही अकाउंट आहे, रोज थोडा कोड लिहिला की हिरवा चौकोन उमटतो त्याचं मला अजून कौतुक आहे. ते पान ज्या फुकट सोयीवर चढवलं होतं तिच्यावर माझा बायोडेटा आहे. आरोपी परग्रहावरचे नव्हते, माझ्या मागच्या बाकावरचे होते. आम्हाला चार वर्षांत सॉर्टिंगच्या आठ पद्धती शिकवल्या गेल्या. आपण बनवलेल्या वस्तूनं कोणाचं काय होईल, याचा एकही पेपर मला आठवत नाही. (असेल तर मी तो आदल्या रात्री गाइड वाचून काढला असणार.)

आणि विविधतेवर सगळा भार टाकणाऱ्यांसाठी एक नकोसा तपशील: अटक झालेल्यांत 18 वर्षांची एक मुलगीही होती. बाई असणं म्हणजे बाईचं दुखणं कळणं, असं आपोआप होत नाही. पण यावरून "मग काय फरक पडतो" असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. एका बाईला दुसरीचं दुखणं कळलं नाही म्हणून पंच्याण्णव पुरुषांना कळतं असं सिद्ध होत नाही.

बनवणाऱ्याची जबाबदारी कुठे संपते? मुक्त सॉफ्टवेअरचं पहिलं तत्त्वच आहे की ते कोणत्याही कामासाठी चालवता यावं. मास्टोडॉनचा कर्ता युजिन रॉश्को. त्यानं "एखाद्याची पोस्ट उचलून वर आपली मल्लिनाथी" ही सोय मुद्दामच ठेवली नव्हती, झुंडी अंगावर सोडायला ती वापरली जाते म्हणून. इतका विचार करणारा माणूस. पण 2019 च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या गॅब या साइटनं, जिथे गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा अड्डा होता, मास्टोडॉनचाच कोड उचलला. मास्टोडॉनवाले निषेध करू शकले, इतर सर्व्हरांनी गॅबशी संबंध तोडले, काही अ‍ॅप्सनी त्याला दार बंद केलं. पण कोड परत घेता आला नाही. 2021 मध्ये ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशलनंही तोच कोड वापरला, आणि मास्टोडॉननं त्यांना जी नोटीस दिली तिचा मुद्दा एवढाच होता की तुम्ही बदललेला कोड जाहीर केलेला नाही. परवान्यात तेवढंच लिहिलंय. तुम्ही याचा वापर कशासाठी करता हा प्रश्न विचारायची जागाच त्यात नाही.

परवान्यात ती जागा करावी असं म्हणणारे लोक आहेत. हानीसाठी वापरू नये अशी अट घालणारा हिप्पोक्रॅटिक परवाना 2019 मध्ये निघाला. मला तो हेतूनं आवडतो, पण त्यानं काही थांबेल यावर माझा विश्वास नाही. बुल्ली बाई बनवणाऱ्यानं परवाना वाचला असता का?

*

या सगळ्यात "युजर सेफ्टी" हा शब्द मला हळूहळू खटकायला लागला. वापरणाऱ्याची सुरक्षितता. बुल्ली बाईच्या पानावरच्या स्त्रिया त्या पानाच्या युजर नव्हत्या. त्यांनी ते कधी उघडलंही नव्हतं.

आणि राईनपाडा. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं गाव. 1 जुलै 2018, रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज त्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडच्या, जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. ते पाच जण त्या ग्रुपवर नव्हते. मेसेज त्यांना आला नव्हता, त्यांच्याबद्दल आला होता. त्यांच्यापाशी रिपोर्टचं बटण नव्हतं.

त्या वर्षी देशात अशा घटना ओळीनं झाल्या. जुलैतच व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी फक्त 5 ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि "फॉरवर्डेड" अशी खूण आणली. कोडच्या भाषेत हा एक आकडा आहे. कोणीतरी फाइल उघडली असेल, जुना आकडा खोडून 5 लिहिला असेल. तो आकडा आधीही लिहिता आला असता. राईनपाड्यासारख्या गावात, ज्या समाजाला पालं ठोकताना दरवेळी पोलीस पाटलाला ओळखपत्र दाखवावं लागतं, त्यातला एक जण जरी त्या टेबलापाशी असता, तर त्यानं पहिल्या दिवशी विचारलं असतं: हा मेसेज माझ्याबद्दल असला तर?

इथे खुल्या कोडचा अभिमान बाळगणाऱ्या माझ्यासारख्याची पंचाईत होते. व्हॉट्सअ‍ॅप बंदिस्त आहे, म्हणून तो 5 आकडा सगळ्यांना एकदम लागू झाला. कोड खुला असता तर कोणीही ती ओळ खोडून आपली आवृत्ती चालवली असती. तसं घडतंच. गावातल्या निम्म्या पोरांच्या फोनवर एके काळी जीबी व्हॉट्सअ‍ॅप होतं. कोणी बनवलं, कुठून आलं, कोणाला पत्ता नाही, पण त्यात मर्यादा नव्हती आणि म्हणून ते भारी होतं. दुसरीकडे, बंद कोडमध्ये आकडा 5 ठेवायचा की 500 हे ठरवणारे तीन-चार माणसं कॅलिफोर्नियात, आणि त्यांना तो बदलायला मेलेली माणसं लागली. या दोन्हींतलं कमी वाईट कोणतं, याचं उत्तर मी दर महिन्याला बदलतो.

मग सरकारकडे द्यावं? नोव्हेंबर 2012. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरचा बंद. पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर त्याबद्दल चार ओळी लिहिल्या, दुसरीनं लाइक केलं. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. लावलेल्या कलमांत आयटी कायद्याचं 66अ होतं, जे सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2015 मध्ये रद्द केलं. तिथेही शब्द सुरक्षिततेचेच होते: शांतता, भावना, सुव्यवस्था. फक्त सुरक्षित कोणाला ठेवायचं, हे जमावानं ठरवलं होतं.

चांगल्या हेतूच्या माणसांच्या हातूनही हे घडतं. 2022 च्या शेवटी ट्विटर सोडून मास्टोडॉनवर आलेल्या काळ्या लोकांना तिथले जुने गोरे सदस्य सांगायचे, वंशवादाच्या अनुभवांवर "संवेदनशील मजकूर" असा पडदा टाका, आम्हाला त्रास होतो. आणि रॉश्कोनं सुरक्षिततेसाठी न दिलेली ती मल्लिनाथीची सोय? काळे वापरकर्ते सांगत होते की झुंडीला उत्तर द्यायला, संदर्भ द्यायला आम्हाला तीच लागते. अखेर 2025 मध्ये मास्टोडॉननं ती आणली, आपली पोस्ट कोणी उचलावी हे लिहिणाऱ्याला ठरवता येईल अशा रूपात. आधी विचारलं असतं तर इतकी वर्षं लागली नसती. पण आधी विचारायला ती माणसं तिथे असावी लागतात, आणि ती तिथे यावीत यासाठी आधी सुरक्षित वाटावं लागतं. हा फेरा कुठून तोडायचा ते मला अजून नीट कळलेलं नाही.

*

माझा सर्व्हर मी 2020 च्या पोळ्याच्या आसपास बंद केला. तोवर त्यावर अकरा मुलगे उरले होते आणि सगळे क्रिकेटबद्दल बोलायचे.

गेल्या दिवाळीत ती चुलत बहीण माहेरी आली होती. आता नर्स आहे, अकोल्याला असते. मागच्या अंगणात चहा पिताना मी विषय काढला. पाच वर्षांनी माफी मागणं म्हणजे आपलंच ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं होतं का, ते माहीत नाही, पण मागितली. तिला ते अ‍ॅप आधी आठवेचना. मग आठवलं. म्हणाली, तसं तं रोजच होते.

मी विचारलं, तेव्हा रिपोर्ट करावंसं वाटायला काय असायला पाहिजे होतं?

तिनं थोडा विचार केला. "बाई असती तं सांगतलं असतं. न आपल्या गावातली नसती तं."

"दुसऱ्या देशातली?"

"हट्. तिले काय समजते, पिवळा ड्रेस म्हनजे काय ते. बोली आपली पाह्यजे. गाव आपलं नको."

मी वाचलेल्या सुरक्षिततेच्या सगळ्या कागदपत्रांत ही अट मला कुठे दिसली नव्हती. ओळखीची भाषा आणि अनोळखी माणूस. मोठ्या कंपनीकडे अनोळखी माणूस आहे, भाषा नाही. माझ्याकडे भाषा होती आणि मीच गाव होतो. मी लगेच इंजिनिअरसारखा सुटलो. मास्टोडॉनचे सर्व्हर एकमेकांशी बोलतात, म्हणजे असं करता येईल की इंझोरीच्या तक्रारी, समजा, मेहकरकडच्या एखाद्या बाईकडे जातील आणि तिकडच्या इकडे. नाव झाकून. अ‍ॅडमिनला फक्त निर्णय दिसेल, तक्रार कोणी केली ते नाही. कोडमध्ये फार मोठा बदल नाही, दोन-तीन आठवड्यांचं काम. मी कपाच्या बुडानं ओट्यावर ओलं वर्तुळ काढून तिला ते समजावत होतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रात्रपाळी करणारी बाई आहे ती.

"न त्या मेहकरच्या बाईले पैसे कोन देईन?"

मी म्हटलं, ओपन सोर्समध्ये लोक बहुतेक फुकटच करतात.

ती हसली आणि कप उचलून आत गेली.